तव्यांचे गाव

गावाचे नाव लिहावे एक आणि उच्चारावे दुसरे, हा प्रकार आम्हां बेळगावकरांस अगदीच अपरिचित नाही. तरीही गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत स्कॉटलंडमधील एका बसचालकाने आमची जी शिकवणी घेतली, ती आम्ही सहजासहजी विसरू असे वाटत नाही. पाटीवरील अक्षरे वाचून आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने 'कलरॉस'ची तीन तिकिटे मागितली. चालक अदबीने म्हणाला, "कूरस." आम्ही पुन्हा 'कलरॉस' म्हटले, तो पुन्हा तितक्याच अदबीने 'कूरस' म्हणाला. तीस वर्षे मुलांचे 'श' आणि 'ष' सुधारण्यात घालविलेल्या मुख्याध्यापकाने अखेर निमूटपणे 'कूरस' म्हटले, तेव्हा कुठे तिकिटे हाती आली. मागे उभे असलेले आमचे चिरंजीव आणि त्यांच्या मातुःश्री हा पाठ मोठ्या आनंदाने ऐकत होत्या, हे सांगावयास नकोच.

चिरंजीव एडिंबरोस शिकले आणि आता तेथेच नोकरीस आहेत. त्यांनी आम्हां उभयतांस किल्ले दाखविले, राजवाडे दाखविले. परंतु इतिहासाच्या पुस्तकात ज्यांना जागा मिळते त्यांचीच घरे किती पाहावयाची? "एखादे साधे गाव दाखव," असे आम्ही म्हटले आणि त्यांनी कूरसची निवड केली. एडिंबरोहून निघालेली आगगाडी १८९० साली बांधलेल्या त्या प्रसिद्ध तांबड्या पोलादी पुलावरून फोर्थची खाडी ओलांडते. पुढे डनफर्मलिन येथे उतरून बसने पश्चिमेकडे गेले की, खाडीच्या उत्तर तीरावर हे गाव लागते. वस्ती सुमारे चारशे. आमच्या शाळेच्या पटावर एके काळी याहून अधिक नावे असत.

बसमधून उतरताच प्रथम नजरेत भरतो तो पिवळ्या रंगाचा एक मोठा वाडा. हळदीत चुना कालवून लिंपावा तसा त्याचा रंग आहे. त्याच्या आजूबाजूस पांढऱ्या भिंतींची लहान लहान घरे, पायऱ्यापायऱ्यांनी चढत जाणारे त्यांचे दर्शनी त्रिकोण, आणि वर तांबडी कौले. ही कौले पाहून आपल्याकडील मंगळुरी कौलांची आठवण व्हावी. येथून कोळसा व मीठ घेऊन हॉलंडकडे गेलेली गलबते परत येताना भारासाठी कौले भरून आणीत, असे सांगतात. गल्ल्या अरुंद, चढाच्या आणि गोट्यांनी फरसबंद केलेल्या. त्यांची नावे ऐकावीत तर टॅनहाऊस ब्रे, म्हणजे चांभारकुंडाची चढण. बॅक कॉजवे, म्हणजे मागची फरसवाट. वी कॉजवे, म्हणजे धाकटी फरसवाट. ज्या गावात गल्ल्यांना धंद्यांची आणि चढउतारांची नावे अद्याप आहेत, तेथे आम्हांस परके वाटत नाही.

या गावाची कथा एका बालकापासून सुरू होते. सहाव्या शतकात एका राजकन्येला, ती कुमारी असताना गर्भवती राहिली म्हणून, तिच्या पित्याने एका लहानशा होडीत बसवून खाडीत सोडून दिले. ती होडी कूरसच्या किनाऱ्यास लागली आणि तेथे तिला मुलगा झाला. कुंती-कर्णाची कथा लहानपणापासून ऐकलेल्या आपणांस एवढाच फरक जाणवेल की, येथे माता आणि पुत्र दोघेही एकाच नावेत होती. संत सर्फ नावाच्या साधूने त्या मुलास वाढविले. तोच पुढे ग्लासगो शहराचा संस्थापक संत मुंगो झाला, अशी आख्यायिका आहे. त्याच्या जन्मस्थानी १५०३ साली बांधलेल्या प्रार्थनामंदिराचे अवशेष आजही रस्त्याच्या कडेला दिसतात. टेकडीवर १२१७ साली फाइफचा उमराव माल्कम याने ख्रिस्ती साधूंचा एक मठ स्थापन केला. मठाचा बराच भाग आता पडला आहे. पण त्याचा पूर्वेकडील भाग १६३३ पासून गावचे चर्च म्हणून वापरात आहे. या साधूंनीच येथे प्रथम जमिनीतून कोळसा काढला.

साधूंनी सुरू केलेल्या कामाचा विस्तार केला तो जॉर्ज ब्रूस नावाच्या व्यापाऱ्याने. १५७५ साली त्याने जुनी खाण पट्ट्याने घेतली. वरवरचा कोळसा संपला होता; उरलेला थर समुद्राच्या तळाखाली जात होता. ब्रूसने ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या वाळूवर दगडांचा एक भक्कम गोल बुरूज उभारला आणि त्याच्या आतून खाली विहीर खणली. लंडनहून पायी निघालेला जॉन टेलर नावाचा कवी १६१८ साली येथे आला. त्याने लिहून ठेवले आहे की, ही विहीर चाळीस फूट खोल असून खाण समुद्राखाली मैलभराहून अधिक पसरलेली आहे. आत झिरपणारे पाणी काढावयास तीन घोड्यांनी फिरणारे छत्तीस पोहऱ्यांचे एक यंत्र होते. वर्णन वाचून आम्ही मनाशी म्हटले, हे तर आपले रहाटगाडगे! बुरुजापाशी गलबत लावावे आणि कोळसा थेट त्यात भरावा, अशी सोय होती.

याच खाणीत १६१७ साली राजा सहावा जेम्स उतरला. तो तेव्हा लंडनहून राज्य करीत असे व बऱ्याच वर्षांनी मायभूमीस आला होता. किनाऱ्यावरून आत शिरलेला राजा बुरुजाच्या तोंडातून बाहेर पडला, तो चहूकडे पाणी! घातपाताच्या भयाने आधीच पछाडलेल्या त्या राजाने "दगा! दगा!" म्हणून ओरड केली. ब्रूसने शांतपणे शेजारी बांधलेली होडी दाखविली आणि म्हटले, महाराजांची इच्छा असेल तर आल्या वाटेने परत जावे, नाही तर या होडीतून जावे. राजा होडीतून गेला, असे ही कथा सांगते.

तो पिवळा वाडा याच ब्रूसचा. लोक त्याला 'पॅलेस' म्हणतात, परंतु कोणताही राजा तेथे नांदला नाही. एका खिडकीवर १५९७ हे साल आणि ब्रूसच्या नावाची आद्याक्षरे आहेत. दुसरीकडे १६११ हे साल असून आद्याक्षरांमागे 'सर' या किताबाचे अक्षर वाढले आहे. चौदा वर्षांत घर किती वाढले आणि घरधनी किती वाढला, हे दोन्ही त्यावरून समजते. आत लाकडी छतांवर नीतिकथांची चित्रे रंगविली आहेत. खिडक्यांचा वरचा अर्धा भाग काचेचा आणि खालचा लाकडी झडपांचा आहे. काच महाग होती ना!

खाणीच्या जोडीला मिठाचा धंदा होता. आपल्याकडे सूर्यनारायण मीठ फुकट करून देतो. तेथे तो क्वचितच दर्शन देतो. म्हणून विकण्याजोगा नसलेला हलका कोळसा जाळून, मोठमोठ्या लोखंडी कढयांत समुद्राचे पाणी आटवीत. टेलर म्हणतो की, ब्रूस आठवड्यास नव्वद ते शंभर टन मीठ काढतो. या वैभवाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १६०६ च्या कायद्याने स्कॉटलंडमधील कोळशाचे आणि मिठाचे मजूर धन्यास बांधले गेले. त्याच्या परवानगीवाचून त्यांना दुसरीकडे काम धरता येत नसे. ही वेठ १७७५ आणि १७९९ च्या कायद्यांनी सुटली. हळदी रंगाच्या वाड्यातील चित्रे पाहताना हे दीड-दोनशे वर्षांचे ओझे आमच्या मनावरून उतरले नाही.

मार्च १६२५ मध्ये मोठे वादळ झाले, समुद्र बुरुजात शिरला आणि खाण बुडाली. त्यानंतर दोनच महिन्यांनी ब्रूस मरण पावला. टेकडीवरील चर्चमध्ये त्याची व त्याच्या पत्नीची शुभ्र दगडातील निजलेली मूर्ती आहे आणि समोर त्यांची आठ मुले ओळीने गुडघे टेकून बसली आहेत. आमची सौ. तेथे बराच वेळ उभी होती. "आठही सारख्या उंचीची केली असती तर ओळखू आली नसती," एवढेच ती म्हणाली.

आता शीर्षकाविषयी. ओटचे पीठ मळून त्याची पातळ भाकरी भाजावयाची, हे स्कॉटलंडचे जुने अन्न. त्यासाठी लोखंडाची गोल, सपाट पत्र्याची थाळी लागते. तिला वरून अर्धवर्तुळाकार कडी असते, म्हणजे ती चुलीवर टांगता यावी. स्कॉट लोक तिला 'गर्डल' म्हणतात. आपण तिला तवाच म्हणू. कूरसच्या लोहारांचे तवे इतके नावाजलेले होते की, १५९९ साली राजाने ते बनविण्याचा मक्ता या गावास दिला आणि १६६६ साली दुसऱ्या चार्ल्सने तो कायम केला. पुढे १७५९ साली जवळच कॅरन येथे लोखंडाचा मोठा कारखाना निघाला, ओतीव तवे स्वस्तात मिळू लागले आणि हातोड्याने ठोकलेला तवा मागे पडला. वाड्याच्या स्वयंपाकघरात सौ.ने तेथील मार्गदर्शक बाईंस हातवारे करून भाकरी थापून दाखविली. बाईंनी ओटची भाकरी लाटून दाखविली. त्या दोघींचे संभाषण आम्ही भाषांतर केल्यावाचून उत्तम चालले.

गावच्या चौकास सँडहेवन म्हणतात. तेथे १६२६ सालची नगरकचेरी आहे. तिच्यावरील घड्याळाचा मनोरा मात्र १७८३ चा. खाली तुरुंग होता आणि वर माळ्यावर, चेटकीण ठरविलेल्या बायकांस कोंडून ठेवीत. सोळाव्या ते अठराव्या शतकात स्कॉटलंडमध्ये सुमारे चार हजार माणसांवर हा आरोप आला. त्यांतील बहुसंख्य स्त्रिया होत्या. २०२२ साली तेथील सरकारच्या प्रमुखांनी या अन्यायाबद्दल जाहीर क्षमा मागितली. सुंदर इमारतीच्या दारात उभे राहून हेही वाचावे लागते, ही या गावाची प्रामाणिकता होय. कचेरीच्या मागील गल्लीत फरसबंदीच्या मधोमध दगडांची एक ओळ थोडी उंच आहे. त्या ओळीवरून प्रतिष्ठितांनी चालावयाचे आणि इतरांनी दोन्ही बाजूंच्या चिखलातून, असा दंडक होता. आम्ही मुद्दाम सौ.ला मधून चालावयास सांगितले. तिने दोन पावले टाकली आणि "बाजूचाच रस्ता बरा, इथं पाय मुरगळेल," म्हणून ती खाली उतरली.

एवढे सारे टिकले कसे, हा खरा प्रश्न. याचे पहिले उत्तर आहे दारिद्र्य. कोळसा बुडाला, मिठाचा आणि तव्यांचा धंदा गेला, गलबते येईनाशी झाली. जुनी घरे पाडून नवी बांधावयास कोणाजवळ पैसाच नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभी खाडी आणि गाव यांच्यामध्ये रेल्वेचा मार्गही आला. परंतु दारिद्र्य घर पाडीत नसले, तरी ते घर सावरीतही नाही. ते त्यास हळूहळू कुजू देते. म्हणून दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. १९३१ साली स्कॉटलंडमध्ये ऐतिहासिक वास्तूंच्या रक्षणासाठी 'नॅशनल ट्रस्ट' नावाची संस्था निघाली. दुसऱ्याच वर्षी तिने सातशे पौंडांस ब्रूसचा वाडा विकत घेतला. आणि मग, वाड्यावर न थांबता, तिने गावातील लहान घरे एकामागून एक हाती घेतली: खलाशाचे घर, चांभाराचे घर, ज्याचे नावही कोणास ठाऊक नाही त्याचे घर.

१९६० पासून या कामास संस्थेने एक पद्धतशीर रूप दिले. फाइफच्या किनाऱ्यावरील अनेक गावांत ते चालले. पद्धत अशी: एका निधीतून पडके घर विकत घ्यावयाचे, बाहेरून होते तसे राखून आतून राहण्याजोगे करावयाचे, आणि मग ते राहणाऱ्या कुटुंबास विकून टाकावयाचे. विकताना करारात एक अट घालावयाची की, घराचे रूप संस्थेच्या संमतीवाचून बदलू नये. ही अट पुढील प्रत्येक मालकावर बंधनकारक राहते. विक्रीचा पैसा निधीत परत येतो आणि त्यातून पुढचे घर घेतले जाते. बियाणे पेरावे, पीक काढावे, त्यातले बियाणे पुन्हा राखून ठेवावे, तसा हा व्यवहार. एका चढणीवर दार पुसत असलेल्या एका वृद्ध बाईंस आम्ही विचारले, "या अटींचा जाच नाही का होत?" त्या म्हणाल्या, "खिडकी बदलायची तरी पत्र लिहावं लागतं. पण शेजारणीलाही लिहावं लागतं, म्हणून चालतं."

हे वाक्य ऐकले आणि आम्ही थोडा वेळ तेथील एका दगडावर बसलो. वाचकांपासून लपविण्यात अर्थ नाही. चार वर्षांपूर्वी शहापुरातील आमच्या आजोबांचे घर आम्ही तिघा भावांनी सह्या करून विकले. सोपा, माजघर, वर माडी, मागे परडे आणि परड्यात आड, असे ते घर होते. एक भिंत पावसात बसली होती. थोरले बंधू पुण्यास, धाकटे बंगळुरास. दुरुस्तीचा खर्च एकट्याने उचलण्याची आमची ऐपत नव्हती. "घर राखू या," असे आम्ही दोनदा म्हटले, "कसे?" या दादांच्या प्रश्नास आमच्याजवळ उत्तर नव्हते. आज तेथे सहा सदनिकांची इमारत उभी आहे.

चिरंजीव शेजारी येऊन बसले. जरा वेळाने ते म्हणाले, "बाबा, माझी पहिल्या वर्षाची फी त्याच पैशातून भरलीत ना?"

आम्ही "हो" म्हटले.

सौ. म्हणाली, "मग एवढं तोंड कशाला पाडायचं? त्या घरानंच आपल्याला इथं आणून बसवलं."

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आम्ही आजही त्या सहीस चूक म्हणत नाही. परंतु चार वर्षे आम्ही स्वतःस प्रेम कमी पडले म्हणून दोष देत होतो, त्याऐवजी काय कमी पडले ते त्या चढणीवर प्रथमच स्पष्ट झाले. कूरसच्या लोकांचे आपल्या घरांवर आमच्याहून अधिक प्रेम होते असे मानावयास आधार नाही. तेही घरे सोडून गेलेच होते. तेथे निधी होता, करार होता, शेजारणीसही लागू असलेला नियम होता. आमच्या गल्लीत ज्याने त्याने आपापले घर एकट्याने राखावयाचे होते, आणि एकट्याने ते राखले जात नाही.

कूरसमध्ये सारे आदर्श आहे असेही कोणी समजू नये. लोहाराचा हातोडा थांबून फार काळ लोटला. चर्चच्या आवारातील जुन्या थडग्यांवर कोरलेला हातोडा आणि त्यावरचा मुकुट तेवढा उरला आहे. अलीकडे दूरचित्रवाणीच्या एका गाजलेल्या मालिकेचे चित्रण येथे झाल्यापासून चौकात पर्यटकांची गर्दी असते, आणि तीत आम्हीही होतो. गावाच्या पश्चिमेस लाँगॅनेट येथे स्कॉटलंडमधील शेवटची खोल कोळसाखाण होती; तीही २००२ साली पाणी शिरूनच बंद पडली. जवळचे वीजकेंद्र २०१६ साली थांबले आणि त्याचा प्रचंड धुरांडा २०२१ च्या डिसेंबरात पाडण्यात आला. साधूंनी पेटविलेला कोळसा आठशे वर्षांनी विझला. घरे मात्र उभी आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्या खिडक्यांत दिवे लागतात.

घर विकल्यावर वस्तूंची वाटणी झाली, तेव्हा दादांनी झोपाळा नेला, वहिनींनी तांब्याचे हंडे नेले, आणि आमच्या सौ.ने आजीचा लोखंडी तवा मागून घेतला. कूरसहून परतल्यावर पहिल्या दिवशी तिने त्याच तव्यावर भाकरी केली. आम्ही काही बोललो नाही; तीही काही बोलली नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर सातवीच्या मुलांस आम्ही एक काम दिले: आपापल्या गल्लीचा नकाशा काढावा, प्रत्येक घराचे नाव लिहावे, ते कोणी बांधले, तेथे पूर्वी कोणता धंदा चाले, हे वडीलधाऱ्यांस विचारून नोंदवावे. निधी उभारण्याची शक्ती आमच्यात नाही. परंतु राखावयाचे काय, याची यादी तरी तयार असावी. तीसेक वह्या जमल्या. कोणाच्या गल्लीत हातमाग निघाला, कोणाच्या गल्लीत घोड्यांचा तबेला निघाला. वाचकांपैकी कोणी इंदूर, ग्वाल्हेर, बडोद्याच्या आपापल्या पेठेची अशी वही केली, तर आम्हांस अवश्य कळवावे.

एका वहीत आमच्याच जुन्या गल्लीचा नकाशा होता. आजोबांच्या घराच्या जागी त्या मुलाने नीट चौकोन काढून नव्या इमारतीचे नाव लिहिले होते. आम्ही तांबडी लेखणी हाती घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. उत्तर बरोबर होते.